दम लागतो म्हणजे नेमके काय होते? : हृदयरुग्णांचा ऑनलाइन व्यायाम आणि आपली भाषा

"मॅडम, चालताना दम लागतो का?" पुण्याहून बोलणाऱ्या एका तरुण फिजिओथेरपिस्टने मोबाइलच्या पडद्यावरून मला विचारले आणि मी तत्काळ "नाही" म्हणून मोकळी झाले. ते खोटे नव्हते. माझ्या लेखी दम लागणे म्हणजे जिना चढून आल्यावर दाराची चौकट धरून उभे राहावे लागणे. तसे काही होत नव्हते, कारण जिना चढणेच मी दोन महिन्यांपूर्वी सोडले होते. तिने वहीत काहीतरी लिहून घेतले आणि मग दुसऱ्या अंगाने विचारले, "बरं, चालता चालता कुणाचा फोन आला तर उचलता का?" मी म्हटले, "नाही, आधी थांबते. मग उचलते." ती हसली. "म्हणजे लागतो."

तीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. अर्थच्छटांवर उत्तरे लिहून घेतली, तपासली, त्यांवर गुण कापले. पण एका शब्दाच्या अर्थावर कुणाच्या तरी हृदयाची सुरक्षितता अवलंबून असते, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आले. हा लेख त्यासंबंधी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, माझी अँजिओप्लास्टी झाली. एक स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना हाती दिलेल्या कागदावर औषधांची यादी होती आणि तळाशी, इंग्रजीत, रोज चालावे व चालणे हळूहळू वाढवावे अशी एक ओळ. डॉक्टरांनी तीच गोष्ट हिंदीत सांगितली, "घूमना-फिरना शुरू कर दीजिए." किती, कोणत्या वेगाने, काय झाले तर थांबायचे, हे विचारायला मला त्या वेळी सुचले नाही आणि बाहेर चाळीस माणसे खोळंबली होती. घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल दिला : "काही फिरायचं नाही. निजून राहा." त्यांच्या वडिलांना 1958 साली झटका आला तेव्हा सहा आठवडे त्यांना पलंगावरून पाय खाली टेकू दिला नव्हता. त्या आठवणीपुढे कागदाच्या तळाच्या ओळीचे काय चालणार? खरे सांगायचे तर सासूबाईंचा सल्ला मला सोयीचाही होता. मला भीती वाटत होती.

सासूबाई चुकीचे सांगत नव्हत्या, त्या जुने सांगत होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराच्या झटक्यानंतर कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती हाच जगभरचा रिवाज होता. इजा झालेला स्नायू भरून येईपर्यंत त्यावर जराही भार नको, हा त्यामागचा विचार. 1952 मध्ये बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवायला प्रारंभ केला. आज वाचताना हसू येते, पण नुसते खुर्चीत बसवणे हेसुद्धा त्या काळी धाडस होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला होता. आणि याच्याही खूप आधी, अठराव्या शतकात, छातीतल्या या दुखण्याचे पहिले नेमके वर्णन करणाऱ्या विल्यम हेबरडेन यांनी आपल्या एका रुग्णाची नोंद ठेवली आहे : तो रोज अर्धा तास लाकूड कापत असे आणि जवळजवळ बरा झाला. ही नोंद दीडशे वर्षे पुस्तकात पडून राहिली. आज हृदयरुग्णांसाठी योजलेल्या व्यायामाने हृदयविकारामुळे होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण कमी होते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. आणि असा व्यायाम रुग्णालयाच्या केंद्रात जाऊन केला काय किंवा देखरेखीखाली घरी केला काय, परिणामात फारसा फरक पडत नाही, हेही.

अडचण एवढीच की अशी केंद्रे मोजकी, मोठ्या शहरांत, आणि आठवड्यातून तीनदा तिथे जाणे नोकरदाराला, म्हाताऱ्याला, खेड्यातल्या माणसाला झेपत नाही. त्यामुळे हे काम फोनवरून करण्याचा मार्ग निघाला. पुण्यात असलेल्या माझ्या बहिणीने अशाच एका तीन महिन्यांच्या उपक्रमात माझे नाव घातले. माझा मुलगा म्हणाला, "आई, या वयात कोचिंग?" इंदूरच्या माणसाला कोचिंग म्हटले की भंवरकुआँचे क्लास, पाठीवर दप्तरे आणि पीएससीच्या तारखाच आठवणार.

प्रत्यक्षात काय असते? पहिल्यांदा तब्येतीचे सगळे कागद मागवतात. आपल्या डॉक्टरांची परवानगी आणि आवश्यक त्या तपासण्या झाल्याखेरीज काही सुरू होत नाही, आणि ज्या ठिकाणी हे विचारत नाहीत तिथे जाऊच नये. मग आठवड्यातून एकदा व्हिडिओवर भेट, त्यात व्यायाम करून दाखवणे, आपला पाहणे. एक दिवस पाच-सहा रुग्णांची एकत्र बैठक. रोज किती चाललो, कसे वाटले, याची दोन ओळींची नोंद व्हॉट्सअ‍ॅपवर. मनगटावर पावले मोजणारे घड्याळ. माझ्या मुलाने त्यात उत्साहाने दहा हजार पावलांचे लक्ष्य भरून ठेवले होते. त्या मुलीने पहिल्याच भेटीत ते काढायला लावले. दहा हजारांचा हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावले मोजणारे असा होता, आणि तो आकडा जगभर पसरला. माझी पहिल्या आठवड्याची सरासरी बावीसशे निघाली. "पुढच्या आठवड्यात सव्वीसशे जमतील?" एवढेच तिने विचारले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. केंद्रात व्यायाम करताना माणसाला यंत्र जोडलेले असते. शेजारी उभ्या असलेल्या जाणकाराला चेहऱ्याचा रंग दिसतो, श्वास ऐकू येतो. दुरून शिकवणाऱ्याला यातले फार थोडे मिळते. मग नाडीचे ठोके मोजावेत, तर तिथे एक मेख आहे. हृदयविकाराच्या पुष्कळ रुग्णांना बीटा-ब्लॉकर गटातले औषध चालू असते, आणि हृदयाची गती आवरून धरणे हेच त्याचे काम. मी धापा टाकत असताना माझे घड्याळ निवांतपणे 84 दाखवत होते. म्हणून माणसाला श्रम किती जाणवतात, हे त्यालाच विचारावे लागते. यासाठी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तयार केलेली मोजपट्टी जगभर वापरतात. ती 6 पासून 20 पर्यंत आहे. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे हिशेब आहे : निरोगी तरुण माणसाचे ठोके विश्रांतीत साधारण 60 आणि कमाल श्रमात 200 च्या आसपास, त्यांचा हा दहावा भाग. औषधामुळे ठोक्यांचा हिशेब बिघडला तरी जाणिवेचा सहसा टिकतो. हृदयरुग्णांना बहुधा 11 ते 13-14 च्या दरम्यान राहायला सांगतात.

पण आकड्यांपुढे शब्द असतात, आणि ते शब्दच खरे यंत्र. मला आलेल्या मराठी तक्त्यावर 'अनुभूत परिश्रमाची श्रेणी' असे शीर्षक होते आणि खाली 'अत्यल्प', 'अल्प', 'किंचित कठीण', 'कठीण', 'अतिकठीण'. शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि उपयोग शून्य. कठीण म्हणजे काय? गणित कठीण असते, प्रसंग कठीण असतो. चालणे कठीण म्हणजे रस्ता खडबडीत आहे का? आमच्या बैठकीतल्या एका आजींनी रोज 'अल्प' लिहिले, कारण त्यांच्या मते त्यांनी केलेला व्यायाम अल्प होता. त्या मुलीने मला, मराठीची प्राध्यापक म्हणून, हा तक्ता सुधारून द्यायला सांगितले. मी एका रविवारात करून देईन म्हटले. दोन महिने लागले.

पहिला अडसर 'दम' हाच. मजा अशी की मराठीत दोन वेगळे 'दम' येऊन एकमेकांत मिसळले आहेत. शम-दम यातला दम संस्कृत, त्याचा अर्थ इंद्रियनिग्रह. दम लागतो तो फारसीतून आला, त्याचा अर्थ श्वास. दमा त्याच घरचा. मग दम धरणे, दम देणे, दम निघणे, एखाद्याच्या बोलण्यात दम असणे, दमून जाणे. 'दमले' म्हणणारी बाई श्वासाबद्दल बोलते आहे की स्नायूंबद्दल की दिवसभराच्या कामाबद्दल, हे वाक्यावरून कळत नाही. शिवाय 'दम लागत नाही' हे उत्तर देण्यात एक अभिमान असतो. दम नसलेला माणूस व्हायला कुणाला आवडेल? 'धाप' या शब्दावर असे ओझे नाही. धाप फक्त लागते. ती कुणी धरत नाही आणि देत नाही. म्हणून तक्त्यात मी 'धाप' घेतली.

दुसरा अडसर इंदूरचा. आमची मराठी पिढ्यानपिढ्या हिंदीच्या शेजारात राहिलेली. हिंदीत 'घबराहट' म्हटले की भीतीबरोबरच छातीतली अस्वस्थता, धडधडही येते. आम्ही इथे सर्रास म्हणतो, "मला घाबरल्यासारखं होतंय." पुण्याच्या मुलीने त्याचा अर्थ भीती असा घेतला आणि एका गृहस्थांना ती धीर देत बसली. त्यांना धीर नको होता, ठोके चुकत होते. जुन्या मराठीतही 'जीव घाबरा होणे' हा शरीराचाच अनुभव आहे, फक्त तिच्या पिढीच्या कानावर तो कमी पडतो. त्यानंतर तिने आपल्या प्रश्नावलीत एक प्रश्न घातला : "घाबरल्यासारखं होतंय म्हणजे मनात की छातीत?" मला तो प्रश्न फार आवडतो.

काही ठिकाणी मात्र भाषेने आपण होऊन मदत केली. घाम येणे आणि घाम फुटणे यांत मराठीने केलेला भेद कोणत्याही वैद्यकीय पुस्तकाने हेवा करावा असा आहे. चालताना घाम येतो, तो यायलाच हवा. श्रमाशिवाय, थंड, दरदरून घाम फुटतो तेव्हा थांबायचे, बसायचे आणि मदत बोलवायची. तसेच पोटऱ्या भरून येणे आणि छाती भरून येणे. नवख्या माणसाच्या पोटऱ्या भरून आल्या तर सहसा वेग कमी करून पाहता येते, मात्र ठरावीक अंतरावर दरवेळी त्या भरून येत असतील तर डॉक्टरांना सांगावे. छाती भरून आली, दडपण आले, कळ हातात किंवा जबड्यात गेली, चक्कर आली, तर त्या दिवसाचा व्यायाम तिथेच संपला. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायला दिलेली गोळी त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायची, आणि दुखणे थांबत नसेल तर 108 ला फोन. इथे कुणाची परवानगी विचारत बसायचे नाही.

आणि मग 'पित्त'. आमच्या बैठकीत देवासचे एक निवृत्त गुरुजी होते. शिस्तीचे, रोजची नोंद सुवाच्य अक्षरात लिहून तिचा फोटो पाठवणारे. त्यांच्या नोंदीत तीन दिवस ओळीने आले : 'पित्त उसळले.' आम्हा सगळ्यांना ते अगदी सहज वाटले. चहा जास्त झाला असेल, सकाळचे पोहे तेलकट असतील. त्या मुलीने मात्र बैठकीत विचारले, "गुरुजी, पित्त कुठे उसळलं? म्हणजे कुठल्या जागी होता तुम्ही?" गुरुजी म्हणाले, "टेकडीच्या पायऱ्यांवर." देवासला राहणाऱ्याचा व्यायाम चामुंडामातेच्या टेकडीवरच होणार. "आणि गेलं कधी?" "जरा टेकलो, दोन मिनिटांत गेलं." "काल?" "काल पण पायऱ्यांवरच." ती क्षणभर गप्प झाली. मग अगदी सावकाश म्हणाली, "गुरुजी, पित्ताला चढ कळत नाही." त्याच दिवशी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे जायला लावले. आधी न उघडलेली दुसरी एक वाहिनी अरुंद झाली होती. आठवडाभरात पुन्हा अँजिओप्लास्टी झाली. चढावर येते, थांबल्यावर जाते, ही हृदयाकडून येणाऱ्या दुखण्याची जुनी खूण. हेबरडेननेही हेच टिपले होते. गुरुजींच्या नोंदीत सगळी माहिती होती, फक्त नाव चुकीचे पडले होते. माझ्यासमोर ती नोंद तीन दिवस होती आणि मी तिच्यातले अक्षर वाखाणले होते.

भाषेचा आणखी एक भाग आहे, तो शब्दांचा नाही, क्रियापदाच्या रूपाचा आहे. हृदयरुग्णाच्या भोवती सगळे आज्ञार्थात बोलतात. चाला, उठा, हे खाऊ नका, ताण घेऊ नका. आज्ञार्थाला आपले ठरलेले उत्तर असते : "हो हो." 1983 मध्ये विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने दारूच्या आहारी गेलेल्यांशी कसे बोलावे याची एक पद्धत मांडली, ती पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासह विकसित झाली आणि अशा मार्गदर्शनात आता सर्वत्र वापरली जाते. तिचे सूत्र साधे आहे. माणसाला बदलायचेही असते आणि नकोही असते. आपण बदलाची बाजू जोरात मांडली की तो दुसरी बाजू मांडू लागतो. म्हणून विचारावे, ऐकावे, आणि त्याचे कारण त्याच्याच तोंडून येऊ द्यावे. ऐकायला हे सोपे वाटते. शिक्षकी पेशातल्या माणसाने करून पाहावे म्हणजे कळेल.

माझ्या बाबतीत तिने विचारले, "काकू, चालायला बाहेर पडताना नेमकी कशाची भीती वाटते?" तोवर मी तिची मॅडमची काकू झाले होते. मी बराच वेळ काही बोलले नाही. मग म्हटले, "रस्त्यात पडले तर ओळखीचं कुणी नसेल." ती "काही होत नाही हो" म्हणाली नाही. घरात सगळे तेच म्हणत होते. ती म्हणाली, "ओळखीची माणसं असतात असा रस्ता कुठला?" मग आम्ही दोघींनी मिळून राजेंद्रनगरमधली एक वाट आखली : आमच्या फाटकापासून भाजीवाल्या भाभींपर्यंत, तिथून औषधांच्या दुकानावरून, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरावरून परत. खिशात फोन, गोळी आणि नाव-पत्ता-औषधांची चिठ्ठी. पहिली पाच मिनिटे सावकाश, मग वेग, शेवटची पाच पुन्हा सावकाश, कारण एकदम थांबले तर रक्त पायांत साठून चक्कर येऊ शकते. जानेवारीच्या थंडीत पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर भार येतो. या प्रत्येक सूचनेत 'कारण' होते. कागदाच्या तळाच्या ओळीत ते नव्हते.

या मार्गाचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादाही दिसल्या पाहिजेत. आमच्या गटातल्या दोन बायकांकडे स्वतःचा फोन नव्हता. मुलगा कामाला गेला की बैठकही गेली. एकीचा प्रश्न होता, "मी दिवसभर उभीच असते, आणखी कुठला व्यायाम?" त्यावर तिला कोणी स्वयंपाकघरातून बाहेर काढले नाही, पण सलग दहा मिनिटे कुणी हाक मारणार नाही अशी वेळ शोधायला तीन आठवडे लागले. तीन महिने संपल्यावर माझीही पावले घसरली. रोज संध्याकाळी कुणीतरी वाचणार आहे, ही जाणीव गेली की दोन ओळी लिहायचा कंटाळा येतो. आमच्या गटाने मग बिनापैशाचा तोडगा काढला : व्हॉट्सअ‍ॅपवरचा गट बंद केला नाही, एकमेकांनाच नोंदी पाठवत राहिलो.

तक्ता शेवटी असा झाला. 9 ला 'घरातल्या घरात फिरल्यासारखे'. 11 ला 'श्वास जाणवतो, गप्पा चालू राहतात'. 13 ला 'जोर लागतो, वाक्य पुरे होते, गाणे म्हणता येणार नाही'. 15 ला 'दोन-तीन शब्दांनंतर थांबावे लागते, वेग कमी करा'. 17 ला 'बोलवत नाही, हे आपल्यासाठी नाही'. बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम श्रमाची आजची सर्वमान्य कसोटी आहे. सुश्रुतसंहितेत व्यायाम निम्म्या बळाने करावा असे सांगून त्या निम्म्याची खूणही दिली आहे : श्वास तोंडावाटे येऊ लागणे. तक्त्यावर दोन महिने घालवल्यावर मला हे आढळले. आधी आढळले असते तर थोडी मेहनत वाचली असती.

गुरुजी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी, डॉक्टरांच्या परवानगीने, पुन्हा चालू लागले. टेकडी अजून नाही, सपाटीवर. त्यांची पहिली नोंद आली, त्याच सुवाच्य अक्षरात : 'वीस मिनिटे. 13. गाता आले नाही. तसे ते पूर्वीही येत नव्हते.'